मध्ये कोण आहे?

आधी क्षमा मागते. लिहिणे हे माझे काम नव्हे. उभे आयुष्य मी शाळेत गणित शिकवले. फळ्यावर जे लिहिले ते तास संपला की पुसले, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पन्नाशी ओलांडल्यावर, मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यावर, मी नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठीच्या एम.ए.ला नाव घातले. तिथे एकदोन टिपणे लिहिली, ती बरी झाली असे कोणी म्हटले. एवढ्या भांडवलावर छापण्यासाठी काही लिहावे हा आगाऊपणा आहे, हे मला कळते. तरीही लिहिते आहे, कारण एका गोष्टीचा निकाल मला लावता येत नाही, आणि ज्यांना विचारावे ती माणसे स्वतःच त्या गोष्टीत अडकलेली आहेत. या लिखाणात कुणाचेही नाव नाही, पुस्तकाचेही नाही. सगळे हयात आहेत आणि बहुतेक माझ्या नात्यातले आहेत.

आम्हाला एक पेपर कादंबरीचा होता. कादंबरीतली माणसे स्वतःला कोण समजतात, कुणाशी इमान राखतात आणि त्या इमानापायी बरे-वाईट काय करतात, असा त्याचा रोख होता. नेमलेल्या कादंबरीत एका खेड्यातला मास्तर आहे. आपले गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार, ही बातमी त्याला सगळ्यांच्या आधी कळते, कारण त्याचा मेहुणा पाटबंधारे खात्यात आहे. बातमी फोडली तर मेहुण्याची नोकरी जाणार. म्हणून मास्तर गप्प राहतो. गावात लोक घरांचे पाये खणत राहतात. एक जण तर पायाभरणीचा नारळ फोडायला मास्तरलाच बोलावतो. मास्तर जातो आणि नारळ फोडतो.

वर्गात यावर चर्चा झाली तो दिवस मला नीट आठवतो.

"मास्तर बोलत का नाही?" सरांनी विचारले.

"बायकोला घाबरतो, सर," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, आणि वर्ग हसला.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी मागे वळली. "हसू नका, बरोबर बोलतोय तो. मेहुण्याची नोकरी गेली तर बायको रोज ताटावर ऐकवणार. गावाचं काय, एकदा बुडालं की गप्प."

मग सरांनी मला टिपण वाचायला सांगितले. माझा आवाज चारचौघांत फुटत नाही. शाळेत फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय, इथे तोंड लपवायला फळा नव्हता. मी खाली मान घालून वाचले. मास्तर भित्रा आहे, ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो बोलत नाही तो बुडवणाऱ्यांतलाच एक आहे, असे त्यात होते. बसले तेव्हा शेजारची मुलगी कानात म्हणाली, "काकू, तुम्ही तर मास्तरला डायरेक्ट फाशीच दिली."

सर म्हणाले, "निकाल खणखणीत आहे. पण मास्तर आधी कोण आहे, गावाचा मास्तर की सासरचा जावई, हे तुम्ही पाहिलं नाहीत. ते त्याला तरी ठरवता आलंय का?"

मला ते त्या वेळी पटले नव्हते. गणितात अशी पळवाट नसते.

ही शेजारची मुलगी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदाराची. माझ्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी वर्गात मी दाराशी घुटमळत होते, तेव्हा तिनेच बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि "या काकू, इथे पंखा लागतो" म्हणाली. तेव्हापासून आम्ही एकत्र डबा खात होतो. मला न समजणारे समीक्षेचे शब्द ती मला समजावून देई आणि तिला न उमजणारी माणसे मी तिला समजावून देई. इतक्या वर्षांत मला कुणी मैत्रीण म्हणून निवडले नव्हते. तिने निवडले.

स्नेहसंमेलनात तिने आणि मी काढलेला फोटो मी मोबाईलवर स्टेटसला ठेवला. माझे माहेर सटाण्याजवळचे. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "तुमच्याजवळ लाल साडीतली कोण हो?" तिला आपल्या मुलासाठी स्थळ पाहायचेच होते. तो माझा भाचा. ओझरच्या कारखान्यात कायम झालेला, सरळ, कमी बोलणारा. डिप्लोमा आणि पुढे ट्रेनिंग करताना तो आमच्याच घरी राहत होता, आणि अजूनही दर रविवारी जेवायला येत असे. वहिनीच्या हातातून दादांनी फोन घेतला. माझे थोरले भाऊ घरात अहिराणीच बोलतात.

"पोर कशी शे, बाई?"

"चांगली आहे. हुशार आहे, बोलकी आहे."

"तुले पसंत शे ना? मंग झालं."

आमच्याकडे स्थळ आले की पत्रिका, शिक्षण, शेती यांच्याही आधी एक प्रश्न विचारतात : मध्ये कोण आहे? म्हणजे मध्यस्थ कोण. मध्यस्थ दोन्ही घरांना ओळखणारा असावा लागतो आणि दोन्ही घरे त्याच्या शब्दावर चालतात. मध्यस्थ अनोळखी असेल तर मुलीकडचे लोक चार ठिकाणी चौकशी करतात : मुलाच्या गावात, कामावर, भाड्याच्या खोलीच्या शेजारी. मध्यस्थ खात्रीचा असेल तर ती चौकशी करणे हा त्याचा अपमान ठरतो. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी मला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही मधी हे म्हणल्यावर आम्ही दुसरीकडं कुठं विचारणार नाय. पोरगी रोज तुमचंच नाव घेती."

मला त्या शब्दांनी फार बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता ती म्हणाली, "काकू, आता मी तुम्हाला आत्या म्हणायचं का? की आत्येसासूबाई? आत्येसासूच्या डब्यातली भाजी पळवणारी मी पहिलीच सून असेन."

"आवडला का तुला?"

ती जरा लाजली, जे तिला जमत नाही. "कमी बोलतो. पण मी बोलत होते ना, तेव्हा मोबाईल उलटा करून खाली ठेवला त्याने. म्हटलं, बरा आहे."

सुपारी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी फोडायचे ठरले. सुपारी फुटेपर्यंत नाही म्हणता येते, कुणी मनावर घेत नाही. फुटल्यावर नाही म्हटले तर ते भावकीत वर्षानुवर्षे चघळले जाते, आणि तो बोल मुलीलाच अधिक लागतो.

होळीनंतरच्या एका रविवारी भाचा आमच्या कूलरचे गवत बदलत होता. दरवर्षी हे काम तोच करतो. दोन बाजू झाल्या होत्या, तिसरीची जाळी त्याने खोलली, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "आत्या, एक सांगू? आधी शपथ घे. अण्णांना नाही सांगायचं. कुणालाच नाही."

अण्णा म्हणजे दादा, त्याचे वडील. मी हसत शपथ घेतली. मला वाटले, गाडी घ्यायची असेल.

"एक मुलगी आहे. आमच्या ट्रेनिंगच्या बॅचची. आता तीन वर्षं झाली." मग जाळीतले जुने गवत ओढून काढत, "सुरगाण्याची आहे. आदिवासी आहे ती." मी जात विचारली नव्हती, तरी त्याने उत्तर दिले. आमच्या घरांत न विचारलेला प्रश्नही ऐकू येतो.

"अरे, मग मुलगी पाहायला कशाला आलास?"

"अण्णा म्हणाले, चल. गेलो."

"सांग ना त्यांना. ते काय जीव देणार आहेत?"

"जीव नाही देणार, आत्या. ते जेवणार नाहीत. ताट सरकवतील आणि काहीच बोलणार नाहीत. ते जास्त वाईट."

आमच्या घरात ताट कसे सरकवतात हे मला माहीत होते. माझे कॉलेज सुटावे म्हणून एकदा तात्यांनी, आमच्या वडिलांनी, असेच ताट सरकवले होते, आणि तेव्हा माझ्या बाजूने उभे राहिले होते ते हेच दादा. मी शिकले ती त्यांच्यामुळे. त्यांच्या मुलाला मी चार वर्षे जेवू घातले, ते उपकार म्हणून नव्हे. एरवी मी त्यांच्यासाठी काय करू शकणार होते?

भाचा म्हणाला, "पाडव्यापर्यंत मी सांगतो त्यांना. तू मध्ये पडू नको."

मध्ये तर मी आधीच होते.

पाडवा आला, गुढी उतरली. मी त्याला दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी तो चिडला. चिडला की तो हळू बोलतो. "तुझ्या कादंबऱ्यांत ठीक आहे, आत्या. तिथे माणूस घर सोडून निघून जातो आणि पुस्तक संपतं. मला सोमवारी कामावर जायचं असतं आणि शनिवारी सटाण्याला."

त्या दिवसांत मला वाचन होईना. कादंबरी वाचताना एक सोय असते, हे तेव्हा मला जाणवले. तिथे आपल्याला सगळ्यांची मने दिसतात. मास्तरची भीती दिसते, मेहुण्याची लाचारी दिसते, पाया खणणाऱ्याची हौस दिसते, म्हणून आपण ऐटीत निकाल देतो. इथे माझ्यासमोर रोज एक मुलगी डबा उघडून बसत होती आणि तिच्या मनात काय आहे तेवढे मला दिसत होते. बाकी सगळे अंधारात. घरी यजमान म्हणाले, "आज भाजीत मीठ दोनदा पडलंय. परीक्षेचं टेन्शन का?" मी हो म्हटले. शपथ त्यांच्या बाबतीतही लागू होती.

शेवटी मला एक युक्ती सुचली. सुचली तेव्हा मी खूश झाले. अवघड प्रमेयाची सिद्धता सापडावी तशी. शपथही मोडायची नाही आणि मुलीचेही नुकसान होऊ द्यायचे नाही. मी तिला म्हटले, "सुपारी फुटायच्या आधी त्याला एकदा एकटी भेट. आणि एवढंच विचार, हे लग्न तुला स्वतःला हवंय का?"

ती हसली. "काकू, हे तुम्ही सांगताय? बरं, विचारते. मिसळ खायला बोलावते त्याला."

माझा तर्क असा होता की तोंडावर कुणी इतके सरळ विचारल्यावर भाचा खोटे बोलणार नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखते.

दोन दिवसांनी ती ग्रंथालयाच्या व्हरांड्यात माझी वाट पाहत उभी होती. "विचारलं," ती म्हणाली. "हो म्हणाला. लगेच म्हणाला, विचार न करता. मिसळीला मात्र हात लावला नाही. पापड तेवढा मोडत बसला होता, बारीक बारीक तुकडे करून." मग तिने आपला डबा माझ्या हातात दिला. "आता तुम्ही सांगा. तुम्ही मला हे का विचारायला लावलंत?"

"सहजच."

"काकू, तुम्ही सहज काहीच करत नाही. तुम्ही पेन उघडायच्या आधीसुद्धा दोनदा विचार करता." ती हसत नव्हती. "पप्पांनी कुठेच चौकशी केली नाही. मामा म्हणत होता ओझरला विचारून येतो, तर पप्पा त्याच्यावर ओरडले. ताईंचा अपमान करतोस का म्हणून."

मग मी सांगितले. फार शब्द लागले नाहीत. त्याचे दुसरीकडे मन आहे, तीन वर्षांपासून, आणि घरी सांगायचे धैर्य त्याला नाही. ती मुलगी कुठली, कोण, हे मी सांगितले नाही. तेवढी शपथ उरली होती, ती मी राखली. तिने विचारलेही नाही. "बरं," म्हणाली. पायऱ्या उतरून गेली. डबा माझ्याकडेच राहिला.

पुढचे तिने एकटीने केले. मुलगा पसंत नाही, मला आत्ता शिकायचे आहे, असे तिने घरी सांगितले आणि कारण म्हणून माझा किंवा भाच्याचा शब्दही काढला नाही. घरच्यांची बोलणी तिने ऐकून घेतली. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा मला फोन आला. मी घाबरत उचलला.

"ताई, माफ करा," ते म्हणाले. "पोरीनं तुमचा शब्द खाली पाडला. लय लाडावली हे. आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तिनं."

मी "नाही हो, नाही हो" एवढेच म्हणू शकले.

भाच्याचाही फोन आला होता. "तूच सांगितलंस."

"हो."

"बरं."

त्यानंतर तो रविवारी आला नाही. कूलरची तिसरी बाजू त्याने होळीनंतरच्या त्या रविवारी अर्धवट सोडली होती, ती तशीच उघडी होती. यजमानांनी ती कशीबशी बांधली आहे. तिथून पाणी टपकते.

वर्गात ती आता पुढच्या रांगेत बसते. मी डबा धुऊन परत दिला तेव्हा तिने तो नीट घेतला, आभार मानले. एकदा जिन्यात आम्ही दोघीच होतो. ती आपणहून म्हणाली, "काकू, मी रागावलेले नाहीये. तुम्ही सांगितलंत, ते बरंच केलंत. पण आधी मला त्याच्याकडे पाठवलंत ना, ते विसरता येत नाही. मी त्या दिवशी साडी नेसून गेले होते."

साडीचे मला माहीत नव्हते. मी तिला परीक्षेला पाठवावे तसे पाठवले होते, आणि उत्तर मला ठाऊक होते.

मी मास्तरवरचे टिपण पुन्हा लिहायला घेतले. "भित्रा" हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे ते अजून सुचलेले नाही.

आखाजीला लेकींनी माहेरी जायचे असते. न जाणे म्हणजे कारण देणे, म्हणून मी गेले. दारातल्या निंबाला झोका बांधला होता, पुरणपोळ्या होत्या, आमरस होता. दादांना आणि वहिनीला काहीच माहीत नव्हते. दादांनी माझ्या वाटीत स्वतः रस वाढला आणि म्हणाले, "तुनी मैत्रीण नाही म्हनी, जाऊ दे. आते वणीकडलं स्थळ शे. पोर नर्सिंग करी ऱ्हायनी. चांगलं घर शे." आणि मग, मला आनंद होईल अशा स्वरात, "मी तुनं नाव सांगी दिधं. मधमा तूच."

म्हणजे पुन्हा मध्ये मीच. माझे नाव वणीला पोहोचलेही होते.

भाचा समोर जेवत होता. त्याने मान वर केली नाही. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी झोक्यापाशी उभी होते, तिथे तो आला. कितीतरी दिवसांनी आम्ही बोलत होतो.

"तिला काय सांगितलंस?" मी विचारले. सुरगाण्याच्या मुलीला, हे त्याला कळले.

"थांब म्हणालो."

"आणि अण्णांना?"

त्याने झोक्याचा दोर हातात घेतला, गाठ घट्ट आहे का पाहिली. ती घट्टच होती. "आत्या," तो म्हणाला, "ही वणीची मुलगी तुझी मैत्रीण नाहीये. तू तिला ओळखतही नाहीस."

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. विनवणी होती, आणि थोडा हिशेबही होता. परतीच्या एस.टी.त मी त्याचाच विचार करत आले. माझ्या मैत्रिणीला मी खरे सांगितले ते सत्याच्या ओढीने, असे मी स्वतःला सांगत होते. पण ती मैत्रीण नसती, तिने पहिल्या दिवशी पिशवी उचलून मला जागा दिली नसती, तर व्हरांड्यात मी "सहजच" म्हणून निघून गेले नसते का? माझे इमान एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकले, एवढेच झाले असेल. वणीच्या मुलीचे माझ्यावर कसलेच ऋण नाही. तिच्या बाजूने बोलायचे तर माझ्याकडे नुसते योग्य-अयोग्य उरते, आणि पलीकडे दादा आहेत, ज्यांच्यामुळे मी हे चार शब्द लिहू शकते आहे. दादांकडे जाऊन सगळे सांगावे, असेही मनात येते. पण ती शपथ, ते ताट आणि सुरगाण्यात कुठेतरी थांबलेली ती तिसरी मुलगी, यांतल्या कुणासाठी मी बोलेन आणि कुणाविरुद्ध, हे मला वेगळे काढता येत नाही.

वणीहून फोन अजून आलेला नाही. येईल. पलीकडून त्या मुलीचे वडील विचारतील, "ताई, मध्ये तुम्हीच आहात ना?"

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना काय सांगितले असते?